थायलंडचे परदेशी जावई
थायलंडच्या नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला त्या देशात राहण्याचा हक्क लग्नामुळे आपोआप मिळत नाही. मुक्कामाची परवानगी मागण्यासाठी एक मान्य कारण मिळते, एवढेच. आणि ती परवानगीही साधारणपणे वर्षभराची असते. वीस-पंचवीस वर्षे संसार केलेला, मुले वाढवलेला माणूसही दरवर्षी कागदपत्रांची फाइल घेऊन इमिग्रेशनच्या खिडकीसमोर उभा राहतो. ही व्यवस्था एका दिवसात कोणी ठरवून केलेली नाही. व्यापारी तह, नागरिकत्वाचे कायदे, स्थलांतराची भीती आणि नवऱ्याने बायकोला पोसावे ही धारणा असे थर एकावर एक साचत ती तयार झाली.

अयुथया ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची, राजधानी होती तेव्हा परदेशी माणसांचे तिथे राहणे राजाच्या मर्जीवर चाले. पोर्तुगीज १५११ मध्ये आले, आणि त्यांच्या वसाहतीचे धागे पुढे दीर्घकाळ गोव्याच्या सत्ताकेंद्राशी जोडलेले राहिले. डच, जपानी, चिनी, पर्शियन अशा प्रत्येक समूहाची वेगळी वस्ती असे. व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी संसार थाटणे नित्याचे होते, कारण बाजारपेठ, भाषा आणि दरबारातल्या ओळखी बऱ्याचदा या बायकांच्याच हाती असत. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अयुथयातील वखारीचा प्रमुख येरेमियास फान फ्लीट आणि मोन वंशाची व्यापारी स्त्री ओसूत पेगुआ यांचे नाते यासाठी प्रसिद्ध आहे. फान फ्लीट १६४० च्या दशकाच्या आरंभी सयाम सोडून गेला, तेव्हा मुलींना सोबत नेण्याची परवानगी राजा प्रासात थोंगने दिली नाही. सयामी भूमीत स्थानिक आईच्या पोटी जन्मलेले मूल राज्याचे, बाप परका असला तरी. पुढच्या काळातील कायद्यांनी नेमकी उलटी दिशा धरली, म्हणून ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

ब्रिटनशी झालेल्या १८५५ च्या बाउरिंग तहाने ब्रिटिश प्रजाजनांना सयामी न्यायालयांच्या कक्षेबाहेर काढले. त्यांचे खटले ब्रिटिश वकिलातीपुढे चालू लागले. जमीन खरेदीवर अंतराची आणि दहा वर्षांच्या वास्तव्याची अट होती, पण राहण्यासाठी व्हिसा नावाची गोष्ट नव्हती. बँकॉकमध्ये कापडाचा धंदा करणारे भारतीयही ब्रिटिश प्रजा म्हणून या संरक्षणाखाली येत. हे विशेषाधिकार १९२० च्या दशकातील नव्या तहांनी बरेचसे संपवले आणि १९३७ च्या तहांनी उरलेसुरलेही गेले. आपल्या भूमीवर कोण राहतो हे ठरवण्याचा अधिकार सयामने असा मोठ्या कष्टाने परत मिळवला. परदेशी माणसाच्या बाबतीत थाई कायदा आजही इतका सावध का, याचे एक उत्तर या इतिहासात आहे.

त्याच सुमारास नागरिकत्वाला कायद्याचे रूप आले. १९१३ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने सयामी पुरुषाशी लग्न करणाऱ्या परदेशी स्त्रीला सयामी ठरवले. उलट, परदेशी पुरुषाशी लग्न करून नवऱ्याचे नागरिकत्व मिळवणारी सयामी स्त्री स्वतःचे गमावून बसे. युरोपातील त्या काळच्या कायद्यांचाच हा नमुना होता: बायको नवऱ्यामागे जाते, मुले बापामागे. या रचनेत परदेशी जावयासाठी जागाच नव्हती, कारण लग्नानंतर बायकोनेच त्याच्या देशात जावे असे कायद्याने गृहीत धरले होते. पुढे, १९३५ मध्ये कुटुंबविषयक संहिता लागू झाली आणि एकपत्नीत्व व सरकारी नोंदणी बंधनकारक झाली. गावातली मानपानाची, हाताला सूत बांधण्याची लग्ने चालूच राहिली, पण अम्फोच्या, म्हणजे तालुका कचेरीच्या, वहीत नोंद नसेल तर कायद्याच्या दृष्टीने लग्न झालेलेच नसते. मुक्कामाच्या परवानगीसाठी आजही हीच नोंद चालते.

पहिला इमिग्रेशन कायदा १९२७ चा. त्याचा रोख मुख्यतः चीनमधून येणाऱ्या मजुरांवर होता. दुसऱ्या महायुद्धानंतर कायम वास्तव्यासाठी वार्षिक कोटा ठरला, आणि चिनी नागरिकांसाठी आरंभी १०,००० असलेला हा आकडा काही वर्षांतच प्रत्येक देशामागे २०० वर आला. आज तो १०० आहे. चिनी स्थलांतर रोखण्यासाठी बांधलेल्या या चौकटीतूनच पुढे कुटुंबासाठी आलेल्या नवऱ्यांनाही वाट काढावी लागली.

मिश्र विवाहांची संख्या वाढली ती व्हिएतनाम युद्धात. उदोन थानी, कोराट, उबोन, नखोन फनोम, ताखली, उतापाव या तळांवर १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन सैनिकांची संख्या ५०,००० च्या आसपास पोहोचली होती. सैन्य १९७६ पर्यंत परतले, पण काही नाती टिकली आणि काही माणसे परत आली. पुढे पर्यटन वाढले, युरोपातील निवृत्त मंडळी येऊ लागली, आणि ईशान्येकडील इसान प्रांत अशा लग्नांचे माहेर बनला. २००३-०४ च्या सरकारी पाहणीत परदेशी पुरुषांशी लग्न केलेल्या इसानमधील स्त्रिया १९,००० हून अधिक आढळल्या. शेतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर जगणाऱ्या गावांत या जावयांच्या पैशातून घरे उभी राहिली, सासू-सासऱ्यांची औषधपाण्याची सोय झाली.

आजची सारी व्यवस्था १९७९ च्या, थाई गणनेनुसार बौद्ध शक २५२२ च्या, इमिग्रेशन कायद्यावर उभी आहे. त्याच्या कलम ३४ मध्ये तात्पुरत्या मुक्कामाची कारणे दिली आहेत: राजनैतिक काम, पर्यटन, खेळ, व्यापार, गुंतवणूक, शिक्षण, पत्रकारिता, धर्मप्रचार, संशोधन. या यादीत लग्न नाही. ते येते शेवटच्या, पंधराव्या उपकलमात, ‘इतर’ या सदराखाली. परदेशी नवरा-बायकोला मिळणारा ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा हा याच सदरातला. त्यावर आधी ९० दिवस मिळतात. मग देशातच अर्ज करून वर्षभराची मुदतवाढ घेता येते. मुदतवाढीच्या अटी कायद्यात नसून पोलिसांच्या आदेशांत आहेत, आणि आदेश बदलणे सोपे असते. ऑक्टोबर २००६ मध्ये बँकेतील ठेवीचा पर्याय नव्या अर्जदारांसाठी बंद होऊन दरमहा ४०,००० बाथ उत्पन्नच ग्राह्य धरले गेले. २००८ च्या आदेशाने ४,००,००० बाथ ठेवीचा पर्याय परत आणला आणि २०१४ च्या आदेशाने तो कायम ठेवला. दोन वर्षांच्या त्या फटीत ज्यांच्याकडे साठवलेला पैसा होता पण मासिक उत्पन्न नव्हते, त्यांची काय तारांबळ उडाली असेल याची कल्पना करता येते.

ठेव अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात असावी लागते. त्याखेरीज विवाहनोंदणीचा ताजा उतारा, बायकोचे ओळखपत्र आणि घरनोंदणीची वही, घराकडे जाण्याचा हाताने काढलेला नकाशा, घरात आणि घराबाहेर दोघांनी एकत्र काढलेले फोटो, ओळखणाऱ्या साक्षीदाराचा जबाब, अर्जाचे १,९०० बाथ असे सारे जोडावे लागते. अधिकारी घरी येऊन पाहणी करू शकतात, शेजाऱ्यांना विचारू शकतात. फाइल वरच्या कार्यालयात जाते, आणि तोवर पासपोर्टवर ‘विचाराधीन’ असा सुमारे ३० दिवसांचा शिक्का बसतो. वर्ष मिळाल्यावरही दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा. परदेशी माणूस मुक्कामाला आल्याची वर्दी घरमालकाने २४ तासांत द्यायची असते. घर बहुधा बायकोच्या नावावर असते, त्यामुळे आपल्याच नवऱ्याची वर्दी तिला पोलिसांकडे द्यावी लागते. कागदोपत्री लग्ने रोखण्यासाठी तपासणी हवी, हे मान्य. पण खऱ्या संसाराला दरवर्षी पुन्हा सिद्ध करायला लावणे हे अपमानकारकच आहे.

त्याहून ठळक आहे ती स्त्री-पुरुष यांतील तफावत. पैशाची ही अट थाई स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला आहे. थाई पुरुषाच्या परदेशी बायकोला नाही. तिला पोसणारा नवरा आहेच, असे आदेश मानतो. १९१३ च्या कायद्यामागचा विचार २०१४ च्या आदेशातही असा शाबूत राहिला.

या जाचामुळे अनेकांनी आडवाटा धरल्या. काहींनी परदेशातील थाई वकिलातीतून वर्षभराचा अनेक-प्रवेशी व्हिसा घेऊन दर ९० दिवसांनी माए साई, पोइपेत किंवा पदांग बेसारची सीमा ओलांडून परत येण्याचा क्रम चालवला. पन्नाशी ओलांडलेले कित्येक नवरे लग्नाऐवजी निवृत्तीच्या आधारावर मुदतवाढ घेतात: त्यासाठी ८,००,००० बाथ ठेव किंवा दरमहा ६५,००० उत्पन्न लागते, पण घरची चौकशी होत नाही. ज्या आधारात बायकोचा उल्लेखही नाही तो नवऱ्यांना सोयीचा वाटावा, यातून व्यवस्थेचा दोष उघड होतो. नोकरी करायची असेल तर मात्र निवृत्तीचा आधार उपयोगाचा नाही; लग्नाच्या मुदतवाढीवर वर्क परमिट मिळतो.

२०१९ च्या आरंभापासून ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाच्या वकिलातींनी आपल्या नागरिकांना उत्पन्न प्रमाणित करणारी पत्रे देणे थांबवले. मग दरमहा परदेशातून बँकेत येणाऱ्या रकमेचा पुरावा मागितला जाऊ लागला. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे सीमा बंद झाल्या आणि सीमेवरच्या फेऱ्यांवर विसंबलेल्यांचा आधारच गेला. देशाबाहेर अडकलेले नवरा-बायको महिनोन्‌महिने ताटातूट सोसत राहिले. जुलै २०२० मध्ये परत येऊ दिलेल्या पहिल्या गटांत थाई नागरिकांचे जोडीदार होते.

कायम वास्तव्याचा मार्ग आहे, पण त्यासाठी सलग तीन वर्षे मुदतवाढी हव्यात, कोट्यात जागा हवी, आणि मंजुरीनंतर कुटुंबीयांसाठी ९५,७०० बाथ शुल्क भरावे लागते. नागरिकत्व कायद्यात १९६५ पासून बदल होत गेले. परदेशी माणसाशी लग्न केल्यावर थाई स्त्रीचे नागरिकत्व आता तिने स्वतः ते सोडण्याची घोषणा केली तरच जाते. १९९२ च्या दुरुस्तीने थाई आईचे मूल, ते कुठेही जन्मले तरी, थाई ठरले. १९९९ पासून परदेशी नवऱ्याच्या थाई बायकोला, पैसा तिचा स्वतःचा असल्याचे दोघांनी लिहून दिल्यास, जमीन घेता येते. २००८ च्या दुरुस्तीने परदेशी नवऱ्याला नागरिकत्वाच्या अर्जासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याची आणि थाई भाषेच्या ज्ञानाची अट माफ केली. परदेशी बायकोचा मार्ग मात्र वेगळ्या कलमाखाली आणि आजही अधिक सोपा आहे.

नवरा-बायकोचे नाते मृत्यूने वा घटस्फोटाने संपले की मुदतवाढीचा आधारही संपतो. विधुराला थाई मूल वीस वर्षांखालचे असल्यास पालक म्हणून अर्ज करता येतो, नाहीतर निवृत्तीसारखे दुसरे कारण शोधावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले. नव्या कायद्याने इतर कायद्यांतील ‘पती’ आणि ‘पत्नी’ हे उल्लेख जोडीदाराला लागू केले, पण जिथे पती आणि पत्नी यांना वेगवेगळे हक्क दिलेले आहेत तिथे ही तरतूद लागू होत नाही. नागरिकत्वाचा कायदा त्यांतलाच असल्याने त्यातील भेद मिटवण्यासाठी वेगळी दुरुस्ती करावी लागेल.