शब्दवेध : श्वाय

चिनी शिकणाऱ्याला देखण्या तरुणासाठी लवकरच भेटणारं विशेषण म्हणजे ‘श्वाय’. उच्चार वरून खाली झपकन उतरणाऱ्या चौथ्या सुरात करायचा. या शब्दाचा जुना अर्थ सेनापती. ‘युआनश्वाय’ हा अत्युच्च लष्करी हुद्दा होता; १९५५ मध्ये चीनने तो दहा सेनानींना दिला. श्यांगछी या चिनी बुद्धिबळात लाल बाजूची मुख्य सोंगटीही ‘श्वाय’च.

विशेषण म्हणून वापरताना नाकीडोळी नीटसपणाइतकीच त्यात ऐट आणि डौल येतो. म्हणून झोकदार हस्ताक्षरालाही श्वाय म्हणतात. आपल्या ‘राजबिंडा’नेही रूपाला असाच सत्तेचा मान दिला आहे.

‘था हन श्वाय’ म्हणजे ‘तो देखणा आहे’. इथे ‘आहे’साठी वेगळा शब्द नाही. ‘हन’चा मूळ अर्थ ‘खूप’, पण अशा वाक्यात तो बहुधा जोर न देता येतो. दुकानात तरुण गिऱ्हाइकाला ‘श्वायगं’, म्हणजे ‘देखण्या दादा’, अशी सर्रास हाक मारतात.

आजच्या सोप्या लिपीत हे अक्षर पाच रेघांचं. उजव्या भागाच्या डोक्यावर एक आडवी रेघ वाढली, की ‘गुरू’ हे अक्षर होतं. तेव्हा रेघा मोजून लिहाव्यात आणि शब्द मोकळेपणाने वापरावा. कौतुकाचे शब्द वापरानेच अंगवळणी पडतात.