एकाच मेंदूची दोन चित्रे

१ ऑक्टोबर १९७१. विम्बल्डनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने एका रुग्णाच्या मेंदूतील विकृती प्रत्यक्ष दाखवली. त्याआधी, वॉल्टर डँडी यांच्या १९१८च्या पद्धतीत, मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून त्या कुठे सरकल्या, यावरून गाठीचा केवळ तर्क करत. रुग्णासाठी तो प्रकार यातनामयच होता.

पण आकार दिसला म्हणून स्वभाव कळतोच असे नाही. किरणोपचारानंतर एमआरआयवर उजळ डाग उमटतो. गाठ परतली, की उपचारानेच तेथील ऊती मृत झाली? दोन्ही सारखीच दिसतात. पुन्हा कवटी उघडायची की थांबायचे, हे मात्र त्यावरच ठरते.

१९८२ मध्ये अमेरिकेत जिओव्हानी डी किरो यांच्या गटाने पेट तंत्राने, म्हणजे किरणोत्सारी ग्लुकोज देऊन, अधिक घातक ग्लायोमांत ग्लुकोजचा खप जास्त असल्याचे दाखवले. पेच असा, की निरोगी मेंदूही ग्लुकोजचा मोठा खादाड! त्या उजेडात गाठ हरवते. म्हणून पेटचे धूसर चित्र एमआरआयच्या रेखीव नकाशावर बसवणे भाग पडले. मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले इथे अधिक उपयोगी ठरली, कारण निरोगी मेंदू ती तुलनेने कमी शोषतो.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दोन्ही तंत्रे एकाच यंत्रात आली. तरीही अनेकदा अखेरचा निवाडा सूक्ष्मदर्शकाखालच्या ऊतीच्या तुकड्यावरच होतो.