दोन प्रतिमा एकमेकींवर बसेपर्यंत

मागच्या वर्षी जुन्या बाजारातून मी फिल्मचा एक रेंजफाइंडर कॅमेरा घेतला. पहिला रोल धुऊन आला तेव्हा ३६ पैकी बहुतेक फोटोंचं दुखणं एकच होतं. आजीच्या फोटोत आजी धूसर, आणि तिच्या मागच्या कॅलेंडरवरची तारीख मात्र स्वच्छ वाचता येत होती. फोकस तर मी नीट केला होता. चुकलं कुठे हे शोधता शोधता लक्षात आलं, की फोकस करणं म्हणजे मुळात अंतर मोजणं.

एक प्रयोग करून बघा. बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या भिंतीसमोर बोट इकडून तिकडे उडी मारतं. बोट लांब नेलं की उडी लहान होते. आपल्या दोन डोळ्यांत साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, म्हणून हे घडतं. ही उडी मोजली की वस्तू किती लांब आहे ते काढता येतं. शाळेतली त्रिकोणमिती, बाकी काही नाही.

१९२५ साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या लाइट्झ कंपनीने ऑस्कर बार्नाकने तयार केलेला लाइका बाजारात आणला. कॅमेरा खिशात मावणारा, पण फोकस अंदाजपंचे. भिंगावर अंतराचे आकडे कोरलेले असत. समोरचा माणूस दोन मीटरवर आहे की तीन, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ज्यांना ते जमत नसे त्यांच्यासाठी कंपनी सुटा रेंजफाइंडर विकायची. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसणारी ही एक नळी. तिच्या दोन खिडक्यांतून येणाऱ्या दोन प्रतिमा एकाच ठिकाणी दिसत. चकती फिरवून त्या एकमेकींवर बसवायच्या, आकडा वाचायचा, तोच भिंगावर लावायचा आणि मग फोटो काढायचा. तोवर समोरचं मूल पळून गेलेलं असे.

ही युक्ती कॅमेऱ्याआधी युद्धनौकांवर होती. ग्लासगोची बार अँड स्ट्राउड कंपनी १८९०च्या दशकापासून ब्रिटिश नौदलाला असे अंतरमापक पुरवत होती. तोफेचा नेम धरायचा तर आधी शत्रूचं जहाज किती लांब आहे ते कळायला हवं. दोन खिडक्यांमधलं अंतर जितकं जास्त, तितकं मोजमाप अचूक. दुसऱ्या महायुद्धातल्या जपानच्या यामातो युद्धनौकेवरचा अंतरमापक तर १५ मीटर रुंद होता! कॅमेऱ्यात एवढी जागा कुठली? खिडक्या सात सेंटिमीटर अंतरावर धरल्या, तर एक मीटरवरच्या माणसासाठी कोन भरतो चार अंश, दहा मीटरवरच्यासाठी ०.४ अंश. एवढ्याशा कोनावर सगळा खेळ. आतला आरसा केसभर जरी सरकला तरी आजीऐवजी कॅलेंडर फोकसमध्ये येतं.

पुढची पायरी होती आकडा वाचण्याची कटकट संपवण्याची. कोडॅकच्या एका कॅमेऱ्यात १९१६ सालीच रेंजफाइंडर भिंगाला जोडलेला होता. १९३२ मध्ये लाइका २ आणि झाइस इकॉनचा काँटॅक्स आले आणि छोट्या कॅमेऱ्यांतही ही सोय आली. भिंग फिरवलं की आरसा आपोआप फिरे. प्रतिमा जुळल्या की फोकस झाला. १९५४च्या लाइका एम ३ मध्ये फ्रेम बघणं आणि फोकस करणं एकाच मोठ्या खिडकीत आलं. पुढे एसएलआर कॅमेऱ्यांनी काचेच्या मधोमध एक छोटं वर्तुळ दिलं. त्यात समोरची उभी रेघ तुटलेली दिसली तर फोकस चुकलेला, सलग दिसली तर बरोबर. आपल्याकडे अनेक घरांत असलेल्या अग्फा क्लिक थ्रीला मात्र फोकस करायची भानगडच नव्हती. लोकांना थोडं लांब उभं करायचं आणि खटका दाबायचा.

१९७७ मध्ये कोनिका सी ३५ एएफ आला. त्यातही दोन खिडक्यांतल्या प्रतिमाच जुळवल्या जात, पण ते काम डोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक्स करायचं. २०१६च्या सॅमसंग गॅलेक्सी एस ७ मध्ये सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागला होता. एक भाग भिंगाच्या डाव्या बाजूने आलेला प्रकाश बघतो, दुसरा उजव्या. म्हणजे एकाच भिंगात दोन डोळे. आज तुमच्या हातातला फोनही बहुधा क्षणार्धात हाच हिशेब करत असेल.

मग जुन्या यंत्राशी झगडायचं कशाला? फोन चेहरा स्वतःच शोधतो आणि फोकस कुठे करायचा तेही बहुतेक वेळा ठरवून टाकतो. रेंजफाइंडरमध्ये मधोमध एक पिवळसर चौकोन असतो. तो कुणाच्या डोळ्यावर ठेवायचा हे तुम्हाला ठरवावंच लागतं, आणि दोन प्रतिमा जुळेपर्यंत त्या माणसाकडे नीट बघावं लागतं.

माझ्या कॅमेऱ्याचा आरसा खरंच सरकला होता. गच्चीवर गेलो, भिंग अनंतावर लावलं आणि लांबच्या सिंहगडावरच्या टॉवरकडे पाहिलं. तिथे एक टॉवर दिसायला हवा होता, दिसत होते दोन. आतला छोटा स्क्रू दोघांचा एक होईपर्यंत हळूहळू फिरवला. मग पुन्हा आजीला त्याच भिंतीसमोर बसवलं. दुसऱ्या रोलमधला तिचा फोटो असा आला की चष्म्याच्या काडीवरचा दोरासुद्धा मोजून घ्यावा.

आजीने तो हातभर लांब धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "छान आलाय रे. पण कॅलेंडर मात्र धूसर आलंय."