निघाले, येते

ऑफिसातून पाय काढताना घरच्या ग्रुपवर मी रोज एकच शब्द टाकते, ‘निघाले’, आणि त्यापुढे चालणाऱ्या माणसाचा इमोजी. स्टेशन गाठेपर्यंत आईचं उत्तर आलेलं असतं: ‘कुकर लावते.’

युनिकोडमध्ये हे चित्र २०१० साली आलं, ‘पेडेस्ट्रियन’ या नावानं. म्हणजे पादचारी. हा शब्द आपल्याकडे पुलांच्या पाट्यांवरच राहिला. बोलताना आपण ‘चालत येतोय’ म्हणतो. ‘इमोजी’ हा शब्द जपानी, ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. इंग्रजी ‘इमोशन’शी त्याचं नातं नाही. तेव्हा या चित्राला कुणी शब्दासारखं वाचलं तर ते रास्तच आहे.

आणि मराठीत तो शब्द ‘चालणे’. संस्कृत ‘चल्’ धातूपासून आपल्याकडे दोन भावंडं आली. स्वरांमधल्या एकट्या ‘ल’चा मराठीत ‘ळ’ झाला, म्हणून ‘चळणे’. प्राकृतात जोडून आलेला ‘ल्ल’ मात्र ‘ल’ राहिला आणि आधीचा स्वर लांबला, म्हणून ‘चालणे’. फल-फळ आणि फुल्ल-फूल ही जोडीही तशीच. ‘चळ’कडे ढळणं, भरकटणं गेलं, ‘चाल’कडे सगळा संसार आला. घर चालतं, खटला चालतो, अभंगाला चाल लावतात, आणि ‘चालेल’ एवढ्या एका शब्दात होकार देता येतो. वारीला जाणाराही ‘यंदा चालणार’ एवढंच म्हणतो. कुठे, ते विचारावं लागत नाही.

मला या चित्रात सर्वांत भावते ती त्याची दिशा. बहुतेक फोनांवर हा माणूस डावीकडे तोंड करून चालतो. आपली लिपी डावीकडून उजवीकडे जाणारी, त्यामुळे वाक्याच्या शेवटी ठेवला की तो दूर जात नाही, लिहिलेल्या शब्दाकडे परत येतो. उजवीकडे चालणारा माणूस २०२३ मध्ये इमोजींच्या यादीत आला. जुन्या फोनवर त्याच्या जागी माणूस आणि बाण असे सुटे दिसतात.

मला मात्र डावीकडचाच हवा. आजी उंबऱ्यावर अडवायची, ‘जाते म्हणू नये गं, येते म्हण.’ निरोपाला हे चित्र धाडाल तेव्हा त्याच्या आधी ‘येते’, ‘येतो’ जरूर लिहा.