१९८४ च्या आधीचं गाव



दिवाळीत नातू आला होता तेव्हाची गोष्ट. त्याने संगणकावर मला एक नकाशा उघडून दिला. जगात पाणी कुठे पहिल्यापासून आहे, कुठे नव्याने आलं, कुठे आटलं, हे दाखवणारा. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०१६ साली तो प्रसिद्ध केला, तोही उपग्रहाने काढलेल्या सुमारे ३० लाख चित्रांवरून. मी अर्थातच म्हटलं, "उजनी दाखव."

उजनी दिसली. निळीशार. पण नकाशाच्या हिशेबी ते पाणी जणू तिथे पहिल्यापासूनच होतं! भीमेचं जुनं पात्र नाही, काठची गावं नाहीत, काही नाही. आमचं गाव त्या पाण्याखाली आहे. (नाव नातेवाइकांना ठाऊक आहे, आणि वर वसवलेल्या नव्या गावालाही तेच नाव आहे, त्यामुळे इतरांना सांगून घोटाळाच व्हायचा.) मी जरा रागानेच म्हटलं, "अरे, हा नकाशा खोटा आहे."

तो म्हणाला, "खोटा नाही आबा. त्याची मोजणी १९८४ च्या मार्चपासून सुरू होते. धरण १९८० साली पूर्ण झालं."

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. भूगोल शिकवला तो शाळेत दुसरं कोणी नव्हतं म्हणून. पण ही १९८४ ची भानगड काय आहे ते कळल्याशिवाय चैन पडेना. पुढचे दोन-तीन आठवडे मी त्यातच होतो. हाती लागलं ते लिहितो.

जमिनीची अशी नियमित चित्रं घेणारा पहिला उपग्रह अमेरिकेने २३ जुलै १९७२ रोजी सोडला. आधी त्याचं नाव दुसरं होतं, पुढे लँडसॅट झालं. सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून तो फिरे आणि दर १८ दिवसांनी त्याच जागेवर येई. त्यावर दोन यंत्रं होती. मुख्य मानलेलं यंत्र टीव्हीच्या कॅमेऱ्यासारखं होतं, ते लवकरच बंद करावं लागलं. दुसरं यंत्र व्हर्जिनिया नॉरवुड या अभियंता बाईंनी आखलेलं. त्यावर सुरुवातीला फारशांचा भरवसा नव्हता, पण शेवटी सगळी भिस्त त्याच्यावरच राहिली. ते हिरवा आणि लाल प्रकाश टिपत असे, शिवाय डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही. हिरवं पान हे किरण जोरात परत फेकतं. म्हणून या चित्रांत पीक आणि झाडी लाल रंगात दाखवायची पद्धत पडली, आणि पाणी काळं.

१९७२ हे साल वाचल्यावर मी थांबलो. आपल्याकडचा तो दुष्काळ! मी नुकताच पदवीधर झालेला, नोकरी नाही, खडी फोडण्याच्या कामावर मस्टर लिहायला बसत असे. सुकडीचा वास अजून नाकात आहे. त्याच महिन्यांत डोक्यावरून हे यंत्र फिरत होतं आणि आमचीही हजेरी मांडत होतं, याची आम्हाला काय कल्पना!

मग ती जुनी चित्रं त्या नकाशात का नाहीत? कारण त्यांचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ८० मीटरचा. १९८२ पासून जे नवं यंत्र आलं त्याचा ठिपका ३० मीटरचा, आणि ते किरणांचे जास्त पट्टे टिपतं. पाणी ओळखायला जे पट्टे फार उपयोगी पडतात ते जुन्या यंत्रात नव्हतेच. दोन्ही एकाच तराजूत घालता येत नाहीत.

शिक्षक मंडळींना हे लगेच कळेल. बोर्डाचे पेपर तपासताना एक परीक्षक सढळ हाताचा, दुसरा चिकट, म्हणून मॉडरेटर लागतो. तसंच इथेही आहे. डिसेंबरातलं ऊन तिरपं, एप्रिलमधलं डोक्यावर. हवेत धूळ, दमटपणा. ढगाची सावली तर हुबेहूब पाण्यासारखी दिसते. हे सगळं वजा करून, प्रत्येक ठिपका त्याच्या नेमक्या जागी बसवून, मगच कालचं चित्र आजच्या शेजारी ठेवायचं. असं मॉडरेशन करून तयार ठेवलेले संच आता मिळतात, पण ते व्हायला कित्येक वर्षं गेली.

ते झालं नाही तर काय होतं, हे आपल्या देशाने पाहिलं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने याच उपग्रहाच्या चित्रांवरून हिशेब मांडला की १९७२-७५ मध्ये देशाच्या १६.८९ टक्के भूमीवर जंगल होतं, ते १९८०-८२ मध्ये १४.१० टक्क्यांवर आलं. केवढी खळबळ! सरकारी दप्तरात जंगल सुमारे २३ टक्के. मग १९८७ साली भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल आला. चित्रं १९८१-८३ ची, म्हणजे जवळपास त्याच काळातली, आणि आकडा साडेएकोणीस टक्के! चित्रं डोळ्यांनी पाहून हाताने रेघा मारायच्या, त्यामुळे विरळ झाडीला जंगल म्हणायचं की नाही, इथेच परीक्षक बदलला की गुण बदलले. मला विचाराल तर दप्तरातल्या २३ पेक्षा हे भांडण बरं. निदान कोणीतरी जंगलाकडे पाहून भांडत होतं.

आणखी एक गोष्ट पैशाची. ऐंशीच्या दशकात अमेरिकेने हा कारभार खासगी कंपनीकडे दिला आणि एका चित्राची किंमत चार हजार डॉलरांच्या वर गेली. असल्या दराने पन्नास वर्षांचा इतिहास कोण विकत घेणार? २००८ साली सगळा साठा फुकट खुला केला. आधी सर्वात जास्त विक्रीच्या वर्षातही जेमतेम २५ हजार चित्रं खपत. फुकट झाल्यावर लवकरच वर्षाला दहा लाखांच्या वर लोक उतरवून घेऊ लागले. त्यातला एक आमचा नातू. (लँडसॅट-५ बद्दल जाता जाता सांगतो. १९८४ साली तीन वर्षांच्या बोलीवर लावलेला हा गडी २०१३ ला निवृत्त झाला. एवढी नोकरी आमच्या हेडमास्तरांचीही झाली नाही.)

नातवाने १९७३ च्या सुरुवातीचं एक जुनं चित्र उतरवून दिलं. करडं, राखाडी, उजाड. नदीच्या कडेने तेवढी लाल दोऱ्यासारखी रेघ. शेजारी आजचं चित्र ठेवलं तर जलाशयाभोवती नुसता लाल पट्टा, सगळा ऊस. जुन्या नकाशावरून त्याने गावठाणाची जागा काढली. आमचं अख्खं गाव म्हणजे पाच-सहा ठिपके. मारुतीचं देऊळ, शाळा, आमचा वाडा, सगळं त्यांत. एकही ओळखू येत नाही. तरी मी बराच वेळ बघत बसलो.

आमचा आणि आक्काचा जुना वाद आहे. ती म्हणते नदी लांब होती, डोक्यावर हंडा घेऊन मान मोडायची. मी म्हणतो ओसरीवर पाण्याचा आवाज यायचा. ठिपके मोजले. गावठाणापासून पाणी सात ठिपके, म्हणजे साडेपाचशे मीटरच्या आसपास. आक्काला फोनवर सांगितलं तर स्वारी खूश. पण मी हरकत घेतली की चित्र दुष्काळातलं आहे, पाणी पार पलीकडच्या काठाला गेलेलं. त्यावर ती म्हणाली, "मग चांगल्या सालातलं काढ."

नातवाने १९७५ च्या पावसाळ्यानंतरचं एक, ढग नसलेलं, शोधून पाठवलं आहे. अजून उघडलेलं नाही. रविवारी आक्काकडे जाऊन दोघांनी मिळून बघायचं ठरलं आहे.