डॉक्टरांना शिकवणारा डॉक्टर

शिक्षक व्हायचे तर बी.एड. करावे लागते. त्यात सूक्ष्म अध्यापन असते, सराव पाठ असतात, पाठ टाचण असते आणि शेवटच्या बाकावर वही घेऊन बसलेला निरीक्षक असतो. पाठ संपला की काय जमले आणि काय राहिले हे त्याने सांगायचे असते. माझ्या एका सराव पाठावर एवढाच अभिप्राय मिळाला होता : ‘आवाज वाढवा. ठीक.’ आज उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवताना मला अनेकदा वाटते, आम्हाला शिकवायला शिकवले, पण निरीक्षकाला निरीक्षण करायला कोणी शिकवले होते का?

हा प्रश्न शाळेपुरता नाही. डॉक्टरकीत तो जिवाशी येतो. एम.बी.बी.एस. झालेला तरुण उद्या दवाखाना उघडून बसणार असेल, तर दवाखान्यात बसायचे कसे हे त्याला कोण शिकवणार? आणि शिकवणारा त्या लायकीचा आहे, हे कोण ठरवणार? या प्रश्नाचे सर्वात सविस्तर उत्तर शोधायचा प्रयत्न ब्रिटनने केला. तिथे त्याला ‘जी.पी. ट्रेनर’ म्हणतात, म्हणजे जनरल प्रॅक्टिस शिकणाऱ्या डॉक्टरांचा पर्यवेक्षक. हा ट्रेनर एका दिवसात जन्माला आला नाही.

तसे पाहिले तर डॉक्टरच्या हाताखाली डॉक्टर घडण्याची पद्धत फार जुनी आहे. दहाव्या शतकातल्या ‘अल्-फिहरिस्त’ या ग्रंथात इब्न अल्-नदीमने हकीम अबू बक्र अल्-राझी याच्या बैठकीचे वर्णन केले आहे. राझीच्या पुढे त्याचे शागिर्द बसत, त्यांच्या पुढे त्या शागिर्दांचे शागिर्द, आणि त्यांच्याही पुढे आणखी शिकणारे. येणारा रुग्ण आधी सर्वात बाहेरच्या रांगेला भेटे. त्यांना उत्तर सुचले तर ठीक, नाहीतर तो आतल्या रांगेकडे जाई. कोणालाच जमले नाही तर शेवटी राझी बोलत असे. म्हणजे उस्ताद शेवटी बोलत असे. ही गोष्ट लक्षात ठेवू, कारण पुढे तिचा उपयोग होणार आहे.

त्याच काळातली दुसरी नोंद बगदादची आहे. इ.स. ९३१ मध्ये एका वैद्याच्या चुकीने रुग्ण दगावल्याचे खलिफा मुक्तदिरच्या कानावर गेले. सिनान इब्न साबितने परीक्षा घेतल्याशिवाय कोणीही वैद्यकी करू नये, असा हुकूम निघाला. बगदादमध्ये आठशेहून जास्त वैद्यांना परीक्षा द्यावी लागल्याचे इब्न अबी उसैबियाने लिहून ठेवले आहे. परीक्षा आणि शागिर्दी या दोन वाटा तेव्हापासून एकमेकींच्या शेजारून चालत आल्या आहेत. परीक्षेतून माणसाला काय येते ते कळते. पण काम कसे करायचे हे कोणीतरी शेजारी बसून शिकवावे लागते.

आता ब्रिटनकडे येऊ. तिथे १८१५ च्या अपॉथेकरी कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. पुढे वैद्यकीय शिक्षण इस्पितळांत आणि विद्यापीठांत गेले, आणि ही उमेदवारी मागे पडली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अवस्था अशी होती की डॉक्टर सगळे शिक्षण इस्पितळात घेई आणि मग सरळ एखाद्या गावात किंवा गिरणीवस्तीत पाटी लावी.

इथेच खरी अडचण आहे. इस्पितळातला रुग्ण गाळून आलेला असतो. कोणीतरी आधी ठरवलेले असते की याला मोठा आजार असावा. जनरल प्रॅक्टिशनरकडे मात्र माणूस नुसती तक्रार घेऊन येतो. ‘छातीत कसेतरी होते’ असे म्हणणाऱ्या दहा जणांत एखाद्याचे हृदय बिघडलेले असते, एखाद्याला पित्त झालेले असते, आणि एखाद्याच्या घरी मुलीचे लग्न मोडलेले असते. हे काही मिनिटांत ओळखायचे, कोणाला पुढे पाठवायचे आणि कोणाला थांबवायचे ते ठरवायचे, हे वेगळेच कौशल्य आहे. इस्पितळात ते शिकता येत नाही.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजे एन.एच.एस., सुरू झाली. त्याच वर्षी तरुण डॉक्टरांना एक वर्ष अनुभवी जी.पी.कडे ठेवण्याची योजना आली. कल्पना चांगली होती. पण ट्रेनर कोणी व्हावे याची कसोटी कच्ची होती. कामाचा भार कमी करणारा एक जादा हात, तोही सरकारी खर्चाने, अशा नजरेने काही दवाखान्यांनी या योजनेकडे पाहिले. १९५० मध्ये जोसेफ कॉलिंग्ज या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने इंग्लंडमधले दवाखाने स्वतः पाहून ‘लॅन्सेट’मध्ये अहवाल लिहिला. काही ठिकाणची स्थिती इतकी वाईट होती की त्या अहवालाने खळबळ उडाली. अशा दवाखान्यात नवा डॉक्टर शिकणार तरी काय?

१९५२ मध्ये जनरल प्रॅक्टिशनर्सनी आपले स्वतंत्र कॉलेज स्थापन केले. तेव्हा त्यांना मान नव्हता. १९५८ मध्ये लॉर्ड मोरन या बड्या डॉक्टरने एका शाही आयोगापुढे अशा अर्थाची साक्ष दिली की तज्ज्ञ होण्याच्या शिडीवरून जे घसरतात ते जी.पी. होतात. हे वाक्य त्यांना फार लागले. शिकवणीचा आग्रह धरण्यामागे स्वाभिमानाचाही भाग होता : आमचे काम घसरलेल्यांचे नाही, ते स्वतंत्र शास्त्र आहे आणि त्याचे शिक्षण आम्हीच देऊ शकतो. १९६३ मध्ये एडिंबरा विद्यापीठात रिचर्ड स्कॉट हे जनरल प्रॅक्टिसचे जगातले पहिले प्राध्यापक झाले. १९६८ मध्ये टॉड आयोगाने या कामासाठी वेगळे पदव्युत्तर प्रशिक्षण हवे असे सांगितले. १९७६ मध्ये कायदा झाला, आणि १९८२ पासून एन.एच.एस.मध्ये स्वतःची प्रॅक्टिस करण्यासाठी तीन वर्षांचे प्रशिक्षण बंधनकारक झाले.

कायद्याने शागिर्द आला. उस्ताद कसा आला, ती गोष्ट मला शिक्षक म्हणून जास्त महत्त्वाची वाटते.

मायकेल बालिंट हे मूळचे हंगेरीचे मनोविश्लेषक होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये ते जी.पी.ंचे छोटे गट घेऊन बसत. प्रत्येकाने आपला एक अवघड रुग्ण सांगायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचे. १९५७ च्या त्यांच्या पुस्तकाचा गाभा असा, की डॉक्टर हेसुद्धा एक औषधच आहे, आणि त्याचाही डोस चुकू शकतो. त्यानंतर मँचेस्टरचे पॅट्रिक बर्न आणि बॅरी लाँग यांनी डॉक्टर-रुग्ण भेटींच्या सुमारे २५०० ध्वनिमुद्रणांचा अभ्यास १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. डॉक्टर स्वतःला ऐकू लागले. रुग्ण मुख्य गोष्ट सांगायला तोंड उघडतो आणि डॉक्टर नेमका तेव्हाच प्रश्न विचारून ती तोडतो, हे टेपवर लपत नाही.

आम्हा बी.एड.वाल्यांना हे ओळखीचे वाटेल. सूक्ष्म अध्यापन १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाले, तेही असेच : छोटा पाठ, त्याचे चित्रण, मग चर्चा, मग तोच पाठ पुन्हा.

१९८४ मध्ये डेव्हिड पेंडल्टन आणि ऑक्सफर्डकडच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अभिप्राय देण्याचे काही नियम मांडले. ते साधे आहेत. आधी शिकणाऱ्याने स्वतः सांगायचे, मला काय चांगले जमले. मग शिकवणाऱ्याने काय चांगले वाटले ते सांगायचे. त्यानंतर शिकणाऱ्याने सांगायचे, मी काय वेगळे करू शकलो असतो. शिकवणारा आपली सूचना सर्वात शेवटी देतो. राझीच्या बैठकीतही उस्ताद शेवटी बोलत असे. हजार वर्षांचे अंतर आहे, एकाचा दुसऱ्याशी थेट संबंधही नाही, पण शिकवण्याचे मर्म एकच निघाले.

या साऱ्यातून ट्रेनर होण्याची रीत ठरत गेली. फक्त ज्येष्ठता पुरत नाही. इच्छुक डॉक्टरला शिकवण्याचा अभ्यासक्रम करावा लागतो. बाहेरचे लोक येऊन त्याचा दवाखाना तपासतात : रुग्णांच्या नोंदी नीट लावलेल्या आहेत का, शिकणाऱ्याला बसायला खोली आहे का, शिकवणीसाठी राखून ठेवलेला वेळ आहे का. इंग्लंडमध्ये रुग्णांचे कागद वर्षानुवर्षे ‘लॉइड जॉर्ज’ नावाच्या छोट्या पाकिटांत कोंबलेले असत. ट्रेनर व्हायचे म्हणून कित्येक दवाखान्यांनी ही पाकिटे उघडून कागद तारखेप्रमाणे लावले आणि प्रत्येक रुग्णाच्या आजारांचा गोषवारा लिहिला. शागिर्द यायच्या आधीच रुग्णांचे भले झाले. मान्यता कायमची नसते, ठरावीक काळाने पुन्हा तपासणी होते. शिवाय ट्रेनर लोक आपसांत गट करून एकमेकांच्या शिकवण्याची चित्रफीत पाहतात. जो दुसऱ्याला तपासणार, त्याने आधी स्वतः तपासून घ्यायचे.

मात्र ही कहाणी एवढ्यावर थांबवली तर ती अर्धवट राहील. ज्या वर्षांत ही व्यवस्था उभी राहिली, त्याच वर्षांत भारत, पाकिस्तान, बांगलादेश आणि श्रीलंकेतून हजारो डॉक्टर ब्रिटनला गेले. त्यांत मुंबईत शिकलेलेही होते. इस्पितळांत वरच्या जागा त्यांना सहज मिळत नव्हत्या. मग वेल्सच्या कोळसा खाणींच्या वस्त्या, गिरणीगावे, पूर्व लंडन अशा ठिकाणी, जिथे स्थानिक डॉक्टर जायला नाखूष होते, तिथे त्यांनी दवाखाने चालवले. इतिहासकार ज्युलियन सिम्पसन यांनी २०१८ च्या पुस्तकात या डॉक्टरांना एन.एच.एस.चे शिल्पकार म्हटले आहे. पण यांतले अनेक जण एकटेच दवाखाना चालवत. जादा खोली, राखीव वेळ, ग्रंथालय या ट्रेनरच्या अटी भागीदारीतल्या मोठ्या दवाखान्याला सोप्या होत्या. गरीब वस्तीतल्या एकट्या डॉक्टरला त्या जड होत्या. वेल्समधल्या ग्लिनकोरग या खाणगावचे डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये लिहिले होते की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी पोचते. शिकवणीच्या बाबतीतही तेच होण्याचा धोका होता.

आणि भेदभाव फक्त अटींतून येत नव्हता. १९९३ मध्ये अनीज इस्माईल आणि सॅम एव्हरिंग्टन या दोन डॉक्टरांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज इस्पितळांना पाठवले. काहींवर इंग्रजी नावे घातली, काहींवर आशियाई. इंग्रजी नावांना मुलाखतीच्या यादीत जागा मिळण्याची शक्यता दुप्पट निघाली. खोटे अर्ज केले म्हणून या दोघांनाच अटक झाली होती! पुढे याच इस्माईल यांना २०१३ मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलने जी.पी. परीक्षेतली तफावत तपासायला नेमले. परदेशी पदवीचे आणि गौरेतर उमेदवार या परीक्षेत फार जास्त प्रमाणात नापास होत होते. भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली. २०१४ मध्ये कोर्टाने परीक्षा कायदेशीर ठरवली, पण तफावतीचा प्रश्न मात्र सगळ्यांसमोर आला. अशा उमेदवाराला वेळीच ओळखणारा, त्याच्या बोलण्याच्या ढंगामागचे ज्ञान पाहणारा ट्रेनर मिळणे म्हणजे काय, हे यावरून समजते. निरीक्षकाची नजर तिरकी असेल तर पाठ कितीही चांगला असो, अभिप्राय तिरकाच येतो.

आता आपल्याकडे पाहू. आपल्याकडे एम.बी.बी.एस. नंतर एक वर्षाची इंटर्नशिप असते, तीही बहुतांशी इस्पितळात. त्यानंतर दवाखाना टाकता येतो. फॅमिली मेडिसिनमध्ये डी.एन.बी. करता येते, पण दवाखाना टाकण्यासाठी ते सक्तीचे नाही. आमच्या मोहल्ल्यांत एखाद्या डॉक्टरबद्दल म्हणतात, ‘उसके हाथ में शिफा है.’ मराठीत म्हणतात, ‘त्याच्या हाताला गुण आहे.’ दोन्ही भाषांत हे कौशल्य म्हणजे वरून मिळालेली देणगी. देणगी म्हटली की ती शिकवायची जबाबदारी उरत नाही. तो डॉक्टर गेला की चाळीस वर्षांत त्याने जमवलेले शहाणपण त्याच्याबरोबर जाते, आणि शेजारी नवी पाटी लावणारा तरुण पहिल्यापासून, रुग्णांवरच, शिकू लागतो.

ब्रिटनचा इतिहास सांगतो की हाताचा गुण बराचसा शिकवता येतो. त्याला कायदा लागला, पैसा लागला, तीस-पस्तीस वर्षे लागली. आपल्याकडे ते सगळे कधी होईल ते होवो. पण ज्याच्या दवाखान्यापुढे रोज सकाळी रांग लागते, त्या ज्येष्ठ डॉक्टरने आठवड्यातून एक दिवस एखाद्या नव्या डॉक्टरला शेजारच्या खुर्चीवर बसवायला काय हरकत आहे? आधी त्याला ऐकू द्यावे, मग त्याला बोलू द्यावे, आणि स्वतः शेवटी बोलावे. आम्हा शिक्षकांनाही हा शेवटचा नियम लागू आहे. वर्गात आम्ही बहुधा सर्वात आधी बोलतो.