चौकटीच्या कडेला

४ एप्रिल १९४४ रोजी दक्षिण आफ्रिकेच्या हवाई दलातील ६० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे एक मॉस्किटो विमान इटलीतल्या फोज्जाहून निघाले आणि जर्मनांनी बळकावलेल्या पोलंडवर पोचले. त्याला फोटो हवे होते ते मोनोविट्झ इथल्या आय. जी. फार्बेन कंपनीच्या कारखान्याचे. तिथे कृत्रिम रबर आणि कृत्रिम इंधनाचा घाट घातलेला होता, आणि दोस्तांचा त्यावर डोळा होता. निशाण नेमके खाली आल्यावरच कॅमेरा सुरू करायचा, ही चैन शत्रूच्या आकाशात परवडत नाही. तो थोडा आधी सुरू होतो, थोडा उशिरा बंद होतो. त्या ‘थोड्या’त काही किलोमीटर जमीन बसते. त्या दिवशी त्या जास्तीच्या जमिनीत आउशवित्झची मुख्य छावणी आली.

फोटो धुतले गेले, वाचले गेले. कारखान्यातली बांधकामे एकेक करून ओळखली गेली. शेजारच्या छावणीत काय चालले आहे, हे त्या फोटोंवरून कुणालाही कळले नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि युरोपच्या युद्धाचा अभ्यासक तर मुळीच नाही. माझे काम भीमेच्या काठचे, उजनी धरणात गेलेल्या गावांचे. त्या कामासाठी आकाशातून काढलेले जुने फोटो कसे वाचायचे ते शिकायला हवे होते. शिकवणारे कुणी नव्हते, म्हणून जे संग्रह संगणकावर उघडतात त्यांत शिरलो. त्यांतला सर्वांत मोठ्यांपैकी एक स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरात आहे. ब्रिटिशांच्या युद्धकालीन टेहळणीचे लाखो फोटो तिथे आहेत. आधी ते कील विद्यापीठाकडे होते. जानेवारी २००४ मध्ये विद्यापीठाने त्यांतले काही जगासाठी खुले केले, तेव्हा इतकी झुंबड उडाली की यंत्रणाच कोलमडली आणि कित्येक दिवस कुणाला काही दिसेना. २००८ मध्ये संग्रह एडिंबराला गेला. आजही त्यातला एक भागच संगणकावर आहे. बाकीचा खोक्यांत आणि फिल्मच्या डब्यांत.

तिथे गेलेला नवखा माणूस आधी गोंधळतो. हा संग्रह गावाच्या किंवा माणसाच्या नावाने लावलेला नाही. फोटोला ठाऊक असते ते एवढेच: कुठले स्क्वाड्रन, कितवे उड्डाण, कुठली तारीख, कितवी चौकट. नकाशावर जागा शोधायची, तिथून गेलेली उड्डाणे पाहायची, आणि मग एकामागून एक चौकटी. शेजारच्या दोन चौकटींत साठ टक्क्यांच्या आसपास जमीन तीच असते. हा हलगर्जीपणा नव्हे. दोन्ही शेजारी ठेवून स्टीरिओस्कोपमधून पाहिल्या की सपाट कागदावरून घरे, झाडे, बांध उभे राहतात. मी जुन्या बाजारातून आणलेल्या दोन भिंगांवर हे करून पाहिले आहे. पहिल्यांदा एखादे छप्पर वर उचलले जाते तेव्हा माणूस दचकतो.

प्रमाणाचे गणितही सोपे आहे. भिंगाचे केंद्रांतर भागिले उंची. छत्तीस इंची म्हणजे तीन फुटांचे भिंग आणि तीस हजार फुटांची उंची धरली, तर प्रमाण येते एकास दहा हजार. अर्धा मीटर रुंद खांद्यांचा माणूस फिल्मवर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा होतो. एकटा माणूस दिसत नाही म्हटले तरी चालेल. रांग दिसते.

हे फोटो वाचण्याचे ब्रिटिशांचे मुख्य ठिकाण होते लंडनच्या पश्चिमेला मेडमनहॅम. काम तीन टप्प्यांत चाले. विमान उतरल्यावर काही तासांत पहिले वाचन, दिवसभरात दुसरे आणि नंतर विषयवार तज्ज्ञांचे सावकाश तिसरे. विमानांचा विभाग कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ या बाईंकडे होता. जर्मनीतल्या पेनेमुंडे इथे काहीतरी शिजते आहे, असा संशय १९४३ मध्ये होता आणि तिथले फोटो त्यांच्याकडे आले होते. पुढे त्यांना सांगण्यात आले की अगदी लहान विमान शोधा. त्यांनी जूनमधले, आधी पाहून झालेले फोटो पुन्हा काढले आणि त्यांत जेमतेम वीस फूट पंखांचे एक विमान होते! नोव्हेंबरच्या अखेरच्या फोटोत तसलेच एक उताराच्या धावपट्टीवर सापडले. तोच तो व्ही-वन, लंडनवर पुढे पडलेला उडता बॉम्ब. या गोष्टीत सगळे बाईंच्या नजरेचे कौतुक करतात, आणि ते योग्यच आहे. मला महत्त्वाचे वाटते ते मधले वाक्य: अगदी लहान विमान शोधा. जूनपासून ते फोटोत होते. ते वाक्य आल्यावर दिसले.

आउशवित्झच्या बाबतीत तसे वाक्य फोटो वाचणाऱ्यांच्या टेबलापर्यंत पोचलेच नाही. वाक्य होते, हे विशेष. मॉस्किटो येऊन गेल्यावर तीनच दिवसांनी, ७ एप्रिलला, रुडॉल्फ व्हर्बा आणि आल्फ्रेड वेट्झलर हे दोन कैदी छावणीच्या बाहेरच्या कुंपणाआत रचलेल्या लाकडांच्या ढिगात लपले. तीन रात्री तिथेच काढून ते निसटले आणि स्लोव्हाकियात पोचले. त्यांच्या तोंडून उतरवून घेतलेल्या अहवालात बिर्केनाऊची रचना होती, दहनभट्ट्यांचा कच्चा आराखडाही होता. जून-जुलैपर्यंत त्याचा आशय लंडन-वॉशिंग्टनला कळला. मे ते जुलै या काळात हंगेरीतून चार लाखांहून अधिक ज्यू आउशवित्झला नेले गेले, आणि त्यांतल्या बहुतेकांना पोचताच मारले. त्याच उन्हाळ्यात कारखान्यासाठी विमाने पुन्हापुन्हा येत राहिली. २३ ऑगस्टच्या फोटोत बिर्केनाऊतून उघड्यावरचा धूर निघताना दिसतो. २५ ऑगस्टच्या फोटोत दहनभट्टीच्या आवाराकडे जाणारी माणसांची रांग आहे. १३ सप्टेंबरच्या एका चौकटीत तर कारखान्यासाठी सोडलेले बॉम्ब बिर्केनाऊच्या वर हवेत आहेत. अहवाल एका खात्यात, फोटो दुसऱ्या खात्यात.

ते फोटो पुन्हा बाहेर निघाले १९७८ मध्ये. डिनो ब्रुजिओनी आणि रॉबर्ट पॉइरिए हे अमेरिकेच्या सीआयएमधले दोघे फोटो वाचणारे. त्या वर्षी दूरचित्रवाणीवर ज्यूंच्या संहाराची मालिका गाजली होती. तिने चाळवून त्यांनी जुन्या फिल्मचे डबे मागवले आणि फेब्रुवारी १९७९ मध्ये आपले वाचन प्रसिद्ध केले. १९४४ च्या मानाने त्यांची भिंगे बरीच सरस होती हे खरे. त्यांच्या हाती मात्र आणखी एक साधन होते: वाचलेल्या कैद्यांच्या साक्षी. अमुक छप्पर कशाचे, तमुक फाटक कुठे उघडते, हे त्यांना फोटो उघडण्याआधी ठाऊक होते.

आज आपण पुस्तकांत पाहतो ते फोटो बहुधा त्यांच्या बाणांसह आणि शब्दांसह छापलेले असतात: ‘गॅस चेंबर’, ‘रांग’, ‘फाटक’. बाण पाहिला की वाटते, अरे, इतके ढळढळीत दिसत होते! मग १९४४ च्या लोकांना आंधळे किंवा पाषाणहृदयी ठरवणे सोपे जाते. माझी सूचना अशी की एकदा बिनबाणांचा फोटो उघडावा आणि काय काय ओळखू येते ते प्रामाणिकपणे कागदावर लिहावे. मी लिहिले होते: लांब पडव्या, रूळ, धूर, शेती. छावणीवर बॉम्ब टाकायला हवे होते की नाही, हा वाद डेव्हिड वायमन यांच्या १९७८ मधल्या लेखापासून चालू आहे. त्यात पडण्याइतका माझा अधिकार नाही. पण संहार झालाच नाही म्हणणारे काही महाभाग याच फोटोंकडे बोट दाखवतात, ‘बघा, यात काही दिसत नाही’ म्हणून, तेव्हा त्यांची लबाडी नेमकी कुठे आहे ते त्या कोऱ्या कागदामुळे मला समजले. ते फोटोला साक्षीपासून तोडतात. तोडल्यावर कुठलाही फोटो मुकाच होतो.

आता भीमेकडे. आपल्याकडचे जुने हवाई फोटो सामान्य माणसाच्या हाती सहजी पडत नाहीत. हाती येतात ते अमेरिकेच्या कोरोना या हेरगिरीच्या उपग्रहांचे, १९६० ते १९७२ मधले. सोव्हिएत रशिया आणि चीन हे त्यांचे मुख्य निशाण. बाकीची दुनिया, पुन्हा एकदा, चौकटीच्या कडेला. फिल्मची कुपी आकाशातून खाली सोडत आणि पॅराशूटने उतरतानाच विमानाने हवेत पकडत. १९९५ मध्ये हे आठ लाखांहून अधिक फोटो खुले करण्यात आले. ज्या पट्ट्या अजून स्कॅन झालेल्या नाहीत त्यांचे पैसे भरावे लागतात. एकाने भरले की पुढच्या सगळ्यांना ती फुकट. शेवटच्या काळातल्या कॅमेऱ्यांना दोनेक मीटरपर्यंतची वस्तू दिसे. उजनीचे काम पुरे झाले ते १९८० मध्ये, म्हणजे त्या वर्षांत नदी अजून आपल्या पात्रात होती.

पट्टी विस्थापितांच्या समोर थेट ठेवायची नाही, हा नियम मी आउशवित्झच्या त्या बाणांवरून घेतला. आधी कोरा कागद. इंदापूर तालुक्यातल्या एका आजोबांनी त्यावर प्रथम नदी काढली, मग पाणंद, मग मोटेची विहीर, मग चिंच. ‘विहिरीपासून देवळापर्यंत बैलाला किती वेळ लागायचा’ हे त्यांचे अंतराचे माप. मग मी पट्टी उघडली. पात्राच्या वळणाशी करडा ठिपका होता, शेजारी आणखी एक गडद. मी महिनाभर ते दोन्ही ठिपके पाहत होतो आणि दोन्ही झाडेच समजत होतो.

“गडद ती चिंच,” आजोबा म्हणाले. “दुसरी विहीर. आणि हे मधलं पांढरं पुसायचं नाही हां, ते खळं आहे.”

पळसदेवचे देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरले की वर येते, म्हणून त्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. खळे वर येत नाही. आता दर वेळी दोन कागद शेजारी ठेवतो: त्यांचा काढलेला आणि उपग्रहाचा. कोणता कागद कोणत्या तारखेला, कुणासमोर, कोणता आधी उघडला हेही मागे लिहून ठेवतो. सतरा कागद झाले आहेत. काढणारे सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत.